खांद्यावर हात पडेपर्यंत

वेंगुर्ल्याच्या एका काजू कारखान्याची विहीर दर वैशाखात उपसली जाई आणि गाळ काढायला सुभद्राचा नवरा सत्यवान उतरे. पण मागच्या वर्षी शेजारच्या वाडीत गाळ काढणारा एक जण गुदमरून तळाशीच कोसळला. त्याला काढायला भाऊ उतरला, आणि दोघांचीही प्रेतंच वर आली. तेव्हापासून सत्यवानच्या उतरण्याची सुभद्राला धास्ती वाटे.

म्हणून तळातल्या माणसाला सुखरूप वर कसं घ्यायचं ते शिकवायला दत्ताराम तांडेल आला तेव्हा ती सगळ्यांच्या आधी येऊन उभी राहिली. दत्तारामची तीस वर्षं गलबतावर, तांडेल म्हणजे खलाशांचा म्होरक्या म्हणून गेली होती. त्याने शेटकडून तीन दिवस मागून घेतले आणि दहा जण निवडले. त्यांत सहा बायका होत्या, काजू सोलणाऱ्या.

"बायलमाणसां माका वर काढतली?" सत्यवान हसला. "मगे मी खालीच रवतंय."

"रव," दत्ताराम म्हणाला. "जेवण दोरयेन सोडू."

शिकवणं साधं होतं. विहिरीवर कप्पी, कप्पीतून दोर, दोराला ओळीने माणसं. उतरणाऱ्याच्या छातीभोवती न सरकणारी गाठ. काहीही झालं तरी दुसऱ्याने उतरायचं नाही. खालच्याला ओढूनच वर घ्यायचं.

माणसाऐवजी त्याने वाळूचं पोतं सोडलं. ओढायचं कसं हे सांगावं लागलं नाही. समुद्रातली रापण, ते लांबलचक जाळं, किनाऱ्यावर ओढून सगळ्यांचे हात तयार होते. एका तालात पावलं मागे टाकत त्यांनी पोतं काठापाशी आणलं. ते दिसलं मात्र, सुभद्रा दोर टाकून धावली. तिच्यामागे सगळेच. पोतं तळाशी जाऊन फुटलं.

रापणीचं जाळं किनाऱ्याला टेकलं की दोर टाकून मासळी बघायला धावायचं, ही लहानपणापासूनची सवय.

"मासळी जाळ्यात आसता, ती खंय जातली?" दत्ताराम न रागावता म्हणाला. "हय जाळां नाय." मग तो सुभद्राकडे वळला. "तू पयली धावलंस. आता तू शेवटाक."

शेवटची जागा माडापाशी होती. ओढून आलेला दोर बुंध्याभोवती आवळत राहायचा, म्हणजे बाकीच्यांचे हात सुटले तरी माणूस पडणार नाही. तिथे विहिरीकडे पाठ होई.

"माझो हात खांद्यार पडापर्यंत सोडूचा नाय," तो म्हणाला. "वळान बघूचा पण नाय."

तीन दिवसांत पोतं कितीदा वर आलं, त्याची गणती नाही. पुन्हा एकदाही पडलं नाही.

चौथ्या दिवशी आधी कंदील तळापर्यंत सोडला. तो जळत राहिला, म्हणजे खालची हवा ठीक होती, तेव्हा सत्यवान उतरला. दत्ताराम मधूनमधून दोराला एक हिसका देई. खालून एक हिसका परत येई. गाळ ढवळला तशी कुजकट हवा सुटली. एकदा खालून हिसका आलाच नाही.

"ओढा," दत्ताराम म्हणाला.

सत्यवानचा धाकटा भाऊ बाळा ओळ सोडून काठाकडे झेपावला.

"बाळा, तुझी जागा दोरयेर," दत्ताराम तितक्याच शांतपणे म्हणाला. बाळाने मागे फिरून पुन्हा दोर धरला.

सुभद्राला फक्त माडाची साल दिसत होती. मागे पावलं पडत होती, दोर येत होता, ती वेढे आवळत होती. कोणीतरी म्हणालं, "इलो." तिचे पाय आपोआप वळू लागले. तिने कपाळ बुंध्याला टेकवलं आणि आणखी एक वेढा घातला. मागे सगळं शांत झालं. मग कोणीतरी खोकलं.

खांद्यावर हात पडला. तिची बोटं उघडेनात, तेव्हा दत्तारामनेच ती एकेक करून सोडवली.

सत्यवान काठावर बसला होता, अंगभर चिखल, डोळे लाल. "बघूक पण नाय इलंस गो?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"तांडेलांनी सोडूक सांगूक नव्हता," ती म्हणाली आणि पदराने त्याचं तोंड पुसू लागली.

पुढच्या आठवड्यात पलीकडच्या कारखान्यातली माणसं शिकायला आली. वाळूचं पोतं सत्यवानने स्वतः भरलं. माडापाशी उभं कसं राहायचं ते मात्र दत्तारामने सुभद्राला दाखवायला सांगितलं.