रिकामा मिक्सर

मिक्सर पुन्हा रिकामाच फिरत होता. काउंटरवर खोकी बांधताना डेनिसचा हात थांबला. आत कणीक असली की त्या यंत्राचा आवाज जड येतो. रिकामं फिरलं की नुसतं लोखंड खडखडतं. वडिलांच्या बेकरीत लहानाची मोठी झालेल्या बाईला हे काय सांगायला हवं? सकाळपासूनची ही चौथी वेळ होती.

आज मंगळवार, आणि रविवारी ईस्टर. वर वेणी घातलेल्या गोल पास्का पावांच्या तीनशे ऑर्डरी भिंतीवर टोचलेल्या होत्या. चर्चला कुलूप लागलं होतं, पण साथ आली म्हणून पास्का सोडायला गावातलं कुणी तयार नव्हतं. या एका आठवड्यावर बेकरीचा सगळा उन्हाळा निघायचा. आणि पास्काची कणीक सव्वीस वर्षं एकट्या वॉल्ट साबोलच्या हातची.

गल्ल्याखालच्या खणात सरकारी कागद उपडा पडला होता. एक एप्रिलपासून साथीत आजारी पडलेल्या कामगाराला दोन आठवड्यांपर्यंत पगारी रजा. पैसे आधी मालकानं द्यायचे, सरकार ते मागाहून करातून वळते करणार. शिवाय कागद सगळ्यांना दिसेल असा लावायचा. डेनिसनं हिशेबनिसाला फोन करून पाहिला होता.

"अहो, आम्ही तीनच माणसं आहोत."

"मग तिघांना दिसेल असा लावा," तो म्हणाला होता. खवट मेला! डेनिसनं 'लावते' म्हटलं आणि कागद खणात टाकला. ईस्टर होऊ दे, मग बघू.

"पोरी, पुन्हा रिकामा चालवतोय बघ वॉल्ट," रोझलीमावशी म्हणाली. ही डेनिसच्या आईची बहीण. सदुसष्ट वर्षांची, दमेकरी, तरी दारातून गिऱ्हाइकांना खोकी द्यायला हजर. "बिघडला की काय?"

"पट्टा सैल झालाय," डेनिस म्हणाली. एवढं बोलताना तिला मावशीच्या छातीतली बारीक शिट्टी ऐकू आली आणि मग तिला तिथं उभं राहवेना.

ती आत गेली. वॉल्ट मिक्सरला टेकून, कोपरात तोंड खुपसून खोकत होता. खांदे गदगदा हलत होते, पण खडखडाटात बाहेर काही ऐकू जाणं शक्य नव्हतं. त्याच्यामागे हजेरीचं कॅलेंडर होतं. तिच्या वडिलांची रीत: नाताळपासून एकही खाडा न करणाऱ्याला भट्टीतला पहिला पास्का. सव्वीस वर्षं तो वॉल्टच्याच घरी गेला होता.

तिनं बटण बंद केलं. खोकला एकदम उघडा पडला.

"पीठ गेलं घशात," वॉल्ट म्हणाला.

"आणि ताप?"

"भट्टीपाशी कोण गार असतं?"

"घरी जा, वॉल्ट. डॉक्टरला फोन करा. दोन आठवडे, पगारी."

"ईस्टरच्या तोंडावर? डोकं फिरलंय का तुझं? तुझ्या बापानं असला खाडा कधी करू दिला नसता."

"बाबा चुकत होते. आणि मी सकाळपासून चार वेळा ऐकून गप्प बसले."

तो तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुला माहीत होतं."

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं खणातला कागद आणला आणि कॅलेंडरवरच चिकटवला.

वॉल्टनं एप्रन काढून नीट घडी केली. "कणीक कोण मळणार?"

"मी."

"पास्काला तुझा हात नाही," तो म्हणाला आणि मागच्या दारानं निघून गेला.

गुरुवारपर्यंत तिनं निम्म्या ऑर्डरी हातावेगळ्या केल्या. वेण्या वाकड्या, पण पाव फुगले होते. दुपारी पीठ मोजताना घसा खवखवला. पीठच गेलं असेल, तिनं स्वतःला समजावलं. मग छातीतून खोकल्याची उबळ आली आणि थांबेचना. बाहेर मावशी कुणाशी तरी हसून बोलत होती. डेनिसनं भिंतीवरच्या उरलेल्या चिठ्ठ्यांकडे पाहिलं आणि तिचा हात बटणाकडे गेला. मिक्सर खडखडू लागला. कोपरात तोंड खुपसून ती पोटभर खोकली.

"पोरी!" मावशीची हाक आली. "वॉल्ट तर घरी आहे ना? मग आता रिकामा कोण चालवतंय?" पावलं आतल्या दाराकडे यायला लागली.

डेनिसनं बटण बंद केलं.

"आत येऊ नकोस, मावशी!" ती ओरडली. "दारावरची पाटी उलटी करून 'बंद' लाव, आणि घरी जा."