न निघणारं लेबल

मामाने बांधलेली वस्तू फुटत नाही आणि मामाने चिकटवलेलं लेबल निघत नाही, या दोन गोष्टींवर त्याचा चाळीस वर्षं धंदा चालला होता. आरसे, झुंबरं, घड्याळं, एकदा तर कुणाच्या तरी आजोबांची कवळीसुद्धा त्याने सुखरूप पोचवली होती. "अहो, एवढं कशाला बांधताय?" असं गिऱ्हाइकाने म्हटलं की मामाचं उत्तर ठरलेलं असे, "ते रस्त्याला विचारा."

आज मात्र टेम्पोत परक्याचं सामान नव्हतं. मागे त्याच्या भाचीचं अख्खं घर बांधलेलं होतं आणि शेजारच्या सीटवर खुद्द भाची बसली होती, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तिला सगळे ठकी म्हणत. छत्तीस वर्षांच्या बाईला ठकी म्हणू नये हे मामाला कळत होतं, पण जिभेला कोण समजावणार!

ठकी पूर्वी एका वस्तुसंग्रहालयाच्या कोठारात काम करायची. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिने नोकरी सोडली आणि पुढची सात वर्षं आईचं सगळं एकटीने केलं. चार महिन्यांपूर्वी आई गेली. आता भाड्याचं घर सोडून ती मामा-मामीकडे राहायला निघाली होती, कारण मामाच्या शहरातल्या संग्रहालयात कोठार सांभाळणाऱ्या माणसाची जागा निघाली होती. मुलाखत ऑनलाइन, शुक्रवारी. तोवर सामान लावून होईल, असा सगळा हिशेब.

आणि काल दुपारी फोन आला. समितीतल्या बाईंना अचानक बाहेर जावं लागतंय, तेव्हा मुलाखत उद्याच, साडेअकराला. जमत नसेल तर तसं कळवा, म्हणे. कळवा म्हणजे घरी बसा, हे ठकीला न सांगता समजलं. आधीचे दोन अर्ज असेच गेले होते. 'मधली सात वर्षं काय केलंत?' एवढं विचारून ती माणसं जी गप्प झाली ती कायमची.

घर सकाळीच रिकामं करून द्यायचं होतं. घरातलं नेट आधीच बंद झालं होतं. साडेअकराला टेम्पो घाटात असणार, आणि घाटात ठकीच्या फोनची रेंज दरवेळी जाई. मामाचा फोन तर नुसता वाजायच्या लायकीचा. तिने हे सगळं फोनवर सांगितल्यावर मामा म्हणाला, "मी आहे ना!"

हे वाक्य मामा सात वर्षं म्हणत आला होता. दोन-तीन महिन्यांनी यायचं, बहिणीच्या उशाशी फळांची पिशवी ठेवायची, निघताना दारात ठकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणायचं, "काही लागलं तर मी आहे ना," आणि टेम्पो सुरू करायचा. ठकीने कधी काही मागितलं नाही आणि त्यानेही कधी खोदून विचारलं नाही. हे त्याला आता, बहीण गेल्यावर, रात्रंदिवस टोचत होतं.

म्हणून या वेळी तो नुसतं म्हणून थांबला नाही. टेम्पो घेऊन निघण्याआधी शेजारच्या फोटोवाल्याकडे गेला. फोटोवाला बाहेरगावी कामाला जाताना खिशात मावणारा राउटर नेत असे. "त्या घाटात याचं कार्ड चालतं," तो म्हणाला. "बटण दाबायचं, पासवर्ड मागे लिहिलाय. फक्त जपून हं, मामा. माझं सगळं काम त्याच्यावर चालतं."

मामाला कुणी 'जपून' म्हणायचं म्हणजे पोहणाऱ्याला पाणी दाखवायचं.

अकराला दहा कमी असताना घाटातल्या एका वळणावर, चहाच्या टपरीसमोर, मामाने टेम्पो लावला. इथे रुंद जागा होती, दोन ट्रक उभे होते आणि खालची दरी मोकळी दिसत होती. मामाने सीटखालून एक लाकडी पेटी काढली.

"यात काय आहे?" ठकीने विचारलं.

"राउटर."

"एवढ्या पेटीत?"

पेटीत पुठ्ठ्याचा खोका, खोक्यात फोम, फोमच्या आत बुडबुड्यांच्या प्लास्टिकचे तीन वेढे, त्यावर टेप. सोडायला आठ मिनिटं लागली आणि शेवटी हातात आली ती साबणाच्या वडीएवढी काळी डबी.

"नाकापेक्षा मोती जड," ठकी हसून म्हणाली. सकाळपासून ती पहिल्यांदाच हसली. मामाला बरं वाटलं. त्याने ऐटीत बटण दाबलं, हिरवा दिवा लागला, लॅपटॉपवर राउटरचं नाव उमटलं.

"पासवर्ड, मामा?"

"मागे लिहिलाय."

ठकीने डबी उलटी केली आणि नुसती बघत राहिली. मग तिने ती मामासमोर धरली. पाठीवर, या कडेपासून त्या कडेपर्यंत, सुरकुती न पडता, लाल अक्षरांचं लेबल होतं: नाजूक. आपटू नये.

हा मामाचा नियम होता. लेबल नुसतं खोक्यावर लावायचं नाही, आतल्या वस्तूच्या अंगावरही लावायचं. खोका उघडला की माणसं वस्तू कशीही धरतात, तेव्हा वस्तूनेच ओरडून सांगितलं पाहिजे. चाळीस वर्षं हा नियम कधी चुकला नव्हता. काल रात्रीही हात आपोआप चालला होता. खाली काय लिहिलंय ते त्याने वाचलंच नव्हतं.

"निघेल की," ठकी म्हणाली आणि तिने कोपरा नखाने उचलला. कोपरा फाटून हातात आला, बाकीचं जिथल्या तिथे.

"ओढू नकोस!" मामा ओरडला. "खालचा कागद सोबत येईल. आकडेबिकडे सगळे जातील."

मामाने आपल्या साध्या फोनवरून फोटोवाल्याला फोन लावला. बंद. कामावर असला की तो फोन बंदच ठेवत असे. पुन्हा लावला. बंदच. घड्याळात अकरा वाजून सहा मिनिटं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण! साध्या पिशवीत टाकून आणला असता तर पोरगी आत्ता कॅमेऱ्यासमोर केस नीट करत बसली असती.

ठकीने लॅपटॉप हळूच मिटला. "राहू दे, मामा," ती म्हणाली. "नसेल नशिबात. पुढे निघू या."

ती चिडली असती, चार शब्द बोलली असती तर मामाने खाली मान घालून ऐकून घेतलं असतं. पण हे 'राहू दे, मामा' त्याने आधी ऐकलं होतं. नोकरी सोडली त्या दिवशीही ती हेच म्हणाली होती. 'राहू दे, मामा, नोकऱ्या काय, मिळतात.' आणि त्याने ते खरं मानून, जेवून, टेम्पो सुरू केला होता.

"राहू द्यायचं नाही," मामा म्हणाला. आवाज त्याच्याही अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "लॅपटॉप उघड."

तो डबी घेऊन टपरीवर गेला. "बाई, सपाट बुडाच्या मगात उकळतं पाणी द्या."

"चहा घ्या की," टपरीवाली म्हणाली. "नुसतं पाणी कुणी मागतं का?"

"दोन चहा मागाहून घेतो. आधी पाणी. भाचीची नोकरी अडलीय."

पाण्याने कुणाची नोकरी कशी सुटते ते बाईला कळलं नाही, पण मामाचा चेहरा बघून तिने हातातलं काम टाकून पाण्याने मग भरून दिला. मामाने राउटर बंद केला, लेबलावर रुमालाची एक घडी ठेवली आणि मगाचं गरम बूड त्यावरून इस्त्रीसारखं फिरवू लागला. जरा फिरवायचं, उचलायचं, हाताने चाचपायचं. फार तापवलं तर डबीच बिघडायची. मग त्याने पाकिटातून सुई-दोरा काढला. सुई-दोऱ्याशिवाय तो घराबाहेर पडत नसे. दोरा दोन्ही हातांत ताणून त्याने फाटक्या कोपऱ्याखाली घातला आणि करवतीसारखा मागे-पुढे ओढत इंच इंच आत नेला. एक गिऱ्हाईक जुन्या पेटीवरचं लेबल काढून मागायला आलं होतं तेव्हा तो हे शिकला होता, आणि तेव्हा त्या माणसाला त्याने मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या होत्या. आता मनातल्या मनात त्याचे पाय धरले.

ठकी शेजारी येऊन उभी राहिली. टपरीवालीने रेडिओ बंद केला.

सायीसारखं लेबल अलगद सुटून आलं. खाली फोटोवाल्याचा पांढरा कागद होता, त्यावरचं एकही अक्षर हललं नव्हतं.

"वाच!"

ठकीने वाचला, टाइप केला. अकरा एकवीस. राउटर लागला, पण केबिनमध्ये दिवा लुकलुकू लागला, स्थिर राहीना. मामाने तो खिडकीबाहेर धरला, जरा बरा. डोक्याच्या वर धरला, दिवा शांत झाला. "असाच धरतो," म्हणून तो केबिनच्या पायरीवर चढला, एका हाताने आरशाचा दांडा धरला आणि दुसऱ्या हाताने राउटर टेम्पोच्या टपावर उंच धरून उभा राहिला. मागचा ट्रकवाला हॉर्न द्यायला गेला, तर टपरीवाली धावत जाऊन त्याला गप्प करून आली.

खिडकी उघडी होती. आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि मामा देव पाण्यात घालून ऐकत होता.

आधी सरळ प्रश्न आले, ठकीने सरळ उत्तरं दिली. मग एका पुरुषाचा जाड आवाज आला, "मधली सात वर्षं?"

"आई आजारी होती. तिला सांभाळत होते."

"एकट्याच?"

"हो."

मामाचा हात किंचित खाली आला. त्याने तो पुन्हा वर नेला. त्या 'हो'मध्ये तक्रार नव्हती, आणि म्हणूनच ते त्याला लागलं.

मग एका बाईंचा आवाज आला. "कोठारात सगळ्यात मोठी चूक कोणती होते, असं तुम्हाला वाटतं?"

मामा मनात म्हणाला, बोल गं, फुटणं म्हण, वाळवी म्हण, काहीतरी म्हण.

"फुटलेलं निदान दिसतं," ठकी सावकाश म्हणाली. "मोठी चूक म्हणजे जपता जपता वस्तूचीच ओळख झाकून टाकणं. वाटलं तर आत्ताची सांगते, अर्ध्या तासापूर्वीची."

आणि तिने सांगितली. पेटी, खोका, तीन वेढे, लाल लेबल, सगळी. मामाचे कान तापले. चाळीस वर्षांच्या अब्रूचा असा भर घाटात पंचनामा! आत समिती हसत होती, जाड आवाजवाला तर सगळ्यांत मोठ्याने.

"मग ते निघालं कसं?" बाईंनी विचारलं.

ठकीने ऊब किती द्यायची, कधी थांबायचं, दोरा कुठून घालायचा, खालचा कागद ओलसर होऊ नये म्हणून रुमाल का ठेवायचा, सगळं एका दमात सांगितलं. मामाने यातलं काहीच तिला शिकवलं नव्हतं. तिने नुसतं बघून उचललं होतं. "हे करता येणारी माणसं फार थोडी असतात," ती म्हणाली. "लहानपणी मी त्यांच्याच गोडाऊनमध्ये वाढले."

"ते आहेत का तिथे?"

"खिडकीबाहेर उभे आहेत. तुम्हाला मी दिसतेय ती त्यांच्या हातामुळे."

मामाने तोंड दरीकडे फिरवलं. हात मात्र हलू दिला नाही.

चाळीस मिनिटांनी ठकीने दार उघडलं तेव्हा त्याचा खांदा ताठ झाला होता, तिनेच हात धरून खाली आणला. "आज दुपारीच कळवतो म्हणाले," ती म्हणाली. कबूल केलेले दोन चहा घेतले, पण मामाला चव कळली नाही. निघताना त्याने राउटर बंद करू दिला नाही. ठकीला तो खिडकीबाहेर धरायला लावला आणि टेम्पो इतका हळू उतरवला की एक सायकलवाला पुढे निघून गेला.

घाट संपता संपता लॅपटॉप टुणकन वाजला. ठकीने वाचलं. पुन्हा वाचलं. "मामा," ती म्हणाली, "सोमवारपासून ये म्हणतायत."

मामाने टेम्पो कडेला घेतला, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याचा जीव भांड्यात पडला. मग रडू आलं, तेही त्याने येऊ दिलं. "सात वर्षं नुसतं म्हणत होतो गं," तो म्हणाला, "मी आहे ना, मी आहे ना म्हणून. होतो कुठे?"

ठकीने लॅपटॉप मिटला. काढलेलं लेबल तिने लॅपटॉपच्या झाकणावर डकवून ठेवलं होतं. ती लहान असताना मामा तिच्या फ्रॉकवर असलंच लेबल लावून तिला हातगाडीवर बसवायचा आणि गोडाऊनभर ओरडत फिरायचा, "बाजूला व्हा, नाजूक माल आहे!" तिने ते लेबल सोडवलं, मामाच्या शर्टाच्या खिशावर ठेवलं आणि तळहाताने चारही बाजूंनी नीट दाबलं.

"आज होतास," ती म्हणाली. "चल आता. मामी वाट बघत असेल."

मामीने दार उघडलं, खिशावरचं वाचलं आणि हसत ते काढायला बोट पुढे केलं. मामाने खिशावर हात ठेवला.

"राहू दे," तो म्हणाला.