खोट्या फोटोची खरी शिक्षा

शनिवारची सकाळ होती. शेवंता पोळ्या लाटत होती आणि ओट्यावरचा मोबाईल सारखा किणकिणत होता. तिच्या पोरीच्या, पायलच्या, हिंदी माध्यमाच्या शाळेत गृहपाठ, सूचना, चाचण्या, सारं आता मोबाईलवरच येई. त्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर पायलचाच फोटो आला. विज्ञान प्रदर्शनात पहिली आलेली दहावीतली पायल. दोन वेण्या, गळ्यात पदक, चेहऱ्यावर न मावणारं हसू. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधून रात्रपाळी संपवून आलेल्या तिच्या बापानं, तुळशीरामनं, तो फोटो डोळे भरून पाहिला आणि सगळ्या नातलगांना पाठवला.

त्या हसऱ्या चेहऱ्याचं कोणी काय करील, हे त्या घरात कोणाच्या मनातही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात त्याच ग्रुपवर दुसरा फोटो आला. शहरातल्या तेलीबांधा तलावाच्या काठी मोटारसायकल उभी, तिच्यावर एक अनोळखी तरुण, आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकून बसलेली पायल. कोणीतरी तिचा प्रदर्शनातला चेहरा उचलून मोबाईलवरच हा फोटो तयार केला होता. पाठवणाऱ्याचा नंबर कोणाच्याच ओळखीचा नव्हता. शाळेनं फोटो काढून टाकला, पण तोवर तो पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, घराघरांत पोचला होता.

तुळशीराम शाळेत गेला. संगणकाच्या सरांनी पाहताक्षणी सांगितलं की फोटो बनावट आहे. तुळशीरामचा जीव भांड्यात पडला. मग प्राचार्या म्हणाल्या, "हमें भी मालूम है भैया, फोटो नकली है। पर बाकी पेरेंट्स बातें कर रहे हैं। कुछ दिन घर से ही पढ़ ले। सब तो मोबाइल पर आ ही जाता है।"

"और जिसने बनाया?"

"इतने बच्चों में किसको पकड़ें?"

घरी येताच तुळशीरामनं मोबाईल स्वतःच्या खिशात टाकला. "आता हा पोट्टीच्या हातात द्याचा नाई."

अशी पायलची शाळा दोन्हीकडून बंद झाली.

"पण तिनं केलं काय?" शेवंतानं विचारलं.

"काहीच नाई केलं. मले मालूम आहे."

"मंग काहून?"

"लोकायनं पाह्यलं ना."

पायल रडली नाही. शेजारच्या घरात कोणाचा मोबाईल वाजला की तिच्या हातातलं काम थांबायचं. एका दुपारी शेवंता बाजारातून परतली, तर पायल आरशासमोर बसली होती. दोन्ही वेण्या कापून जमिनीवर पडल्या होत्या, कात्री अजून तिच्या हातात होती.

"आई, अब मैं उस फोटो जैसी नहीं दिखती ना?"

शेवंतानं हळूच कात्री काढून घेतली. त्या दिवसापासून ती पोरीला एकटीला सोडेनाशी झाली.

आणि मग गोंदियाहून मोठेबाबा आले, तुळशीरामचे थोरले बंधू. सोबत स्थळ घेऊनच.

"पोराकडच्यायले फोटोचं सांगतलं नाई मी. लवकर उरकून टाक. उद्या आणखी एखादा फोटो निंघाला तं कोण करन हिले?"

"सोळाची आहे ते, दादा," तुळशीराम म्हणाला.

"गावाकडं कोण इचारून राहिलं वय?"

दर जयंतीला विहारात मुलींच्या शिक्षणावर बोलणारा तुळशीराम मान खाली घालून बसला. पाहुण्यांचा रविवार ठरला.

शेवंता ते ऐकत होती. तीही आठवीतूनच बोहल्यावर चढली होती. बसस्टँडवर ती कुण्या पोराशी बोलताना दिसली, असं एक बाई म्हणाली होती, तेवढंच. तेव्हा फोटोचीही गरज लागली नव्हती.

रविवारी पाहुणे आले. "पोट्टीले आन," मोठेबाबा म्हणाले. शेवंता आतून एकटीच बाहेर आली.

"पोट्टी दाखवाची नाई," ती म्हणाली. "कोणीतरी माह्या पोरीचा खोटा फोटो बनवला. तो खोटा आहे हे या घरात समद्यायले मालूम आहे. तरी शिक्षा तिलेच देऊन राहिले. हे लगन कोणी लावलं, तं मी पोलिस ठाण्यात जाईन. तुमी चहा पेऊन घ्या."

पाहुण्यांनी चहाला हात लावला नाही. "घराचं नाव बुडवलं हिनं," असं म्हणत मोठेबाबाही त्यांच्यामागून निघून गेले. थंड झालेले कप तुळशीरामनं उचलले. मग म्हणाला, "उद्या ठाण्यात मीबी येतो. त्या फोटोची रिपोर्ट लिहून देऊ."

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट देऊन तिघं सरळ शाळेत गेले. ठाण्याचं नाव निघताच प्राचार्यांनी पायलला वर्गात पाठवलं. शेवंता दारापर्यंत सोबत गेली. वर्गाकडे पाहून तिनं विचारलं, "बेटा, ये फोटो किस-किस ने आगे भेजा था?"

बऱ्याच माना खाली गेल्या.

पायल आपल्या बाकावर जाऊन बसली. शेजारच्या मुलीनं दप्तर उचललं आणि ती मागच्या बाकावर गेली. घरून तिला तसंच सांगितलं होतं.

बनवणारा कोण, ते अजून कळलेलं नाही. कदाचित तो त्याच वर्गात रोज हजर असेल. पण तो एकटा होता. फोटो पुढे पाठवणारे घरोघरी होते, आणि त्यांतले बहुतेक सभ्य होते, मुलीबाळींचे आईबाप होते. पायलच्या शेजारची जागा आजही रिकामी आहे. वाचकहो, तिथं बसायला तुम्ही तुमची मुलगी पाठवाल?