पप्पांचा रिपोर्ट

"पप्पा, तुम्ही कैद्यांना मारता का?"

मैत्रिणींनी डिवचलं होतं, म्हणून विचारूनच टाकलं. पप्पा जेलमध्ये शिपाई आहेत. डबल ड्युटी करून नुकतेच भूगावला घरी परतले होते.

"अंगावर आला तर आवरण्यापुरता जोर लावायचा," ते बूट काढत म्हणाले. "शांत झाला की थांबायचं, डॉक्टरला दाखवायचं, रिपोर्ट लिहायचा. नियम हाय."

त्यांनी कच्चा कागद पुढे सरकवला. माझं अक्षर वर्गात एक नंबर, त्यामुळे त्यांचे रिपोर्ट मीच फेअर करते. त्यावर लिहिलं होतं, 'कैदी घसरून पडला.'

"खरंच पडला?"

"गप खाली बसलावता. तरी सायबांनी काठ्या घातल्या. लिही बाई, दमलोय."

"लिही गं," आई म्हणाली. "नोकरी हाय त्यांची."

मी पेनाला टोपण लावलं. "आई, पप्पा, हे मी लिहिणार नाही. झालं ते सांगा, आत्ता लिहून देते."