चावी शहराची आहे

मित्रांनो, मी एक जुनी चावी आहे. खिशात मावेन असं समजू नका. माझी उंची माणसाच्या खांद्याएवढी. वर आडवी मूठ, खाली चौकोनी तोंड. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून मला आत सोडायचं आणि व्हॉल्व्ह फिरवायचा, की चढावरच्या गल्ल्यांना पाणी जातं. पाणीखात्याच्या लोहारानं मला घडवलं आणि मुठीवर शहराचा शिक्का मारला.

तीस वर्षं मला एकाच माणसानं वाहिलं. सगळे त्यांना चावीकाका म्हणत. आम्ही निघालो की खिडक्यांतून हाका येत, "काका, आज जरा जास्त वेळ सोडा हो, पाहुणे आलेत!"

"पाहुण्यांना बुडवणार आहात काय?" काका विचारत, आणि दहा मिनिटं जास्त सोडत.

मग पाणीखातं एका कंपनीच्या हाती गेलं. चढावर पाणी चढवायला वीज फार लागते, हे नव्या साहेबांना खुपलं. ते काकांना म्हणाले, "उद्यापासून वरचा व्हॉल्व्ह तीन दिवसांतून एकदाच उघडायचा."

"वर प्रसूतिगृह आहे, साहेब."

"टँकर मागवतील."

"मग दुसरा माणूस बघा. मी रोजच उघडणार."

काकांना त्याच दिवशी कामावरून काढलं. मला जमा करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवलं. "ही शहराची आहे. शहर मागेल तेव्हा देईन." मी लोखंडाची, तरी माझी छाती फुगली.

तिसऱ्या दिवशी कंपनीची माणसं मोठं यंत्र घेऊन व्हॉल्व्ह उघडायला आली. तो व्हॉल्व्ह जुना, उलटा फिरणारा. काकांना विचारायचं कुणाला सुचलं नाही. जोर लावला आणि आतला दांडा तुटला. चढावर पाच दिवस थेंब नाही, आणि टँकरही नाही.

प्रसूतिगृहातली नर्स म्हणजे काकांची सून. सहाव्या दिवशी ती सगळ्या गल्ल्या घेऊन महापालिकेत शिरली आणि बाळंतिणींच्या मळक्या चादरींचं गाठोडं तिनं सभेच्या टेबलावर ठेवलं.

"तुम्हीच धुवा. तुमच्या नळाला पाणी आहे ना?"



त्याच संध्याकाळी खात्याच्या जुन्या मिस्त्रींनी दांडा बदलला, आणि काकांनी कंपनीला न विचारता मला आत सोडलं. साहेब धावत आले, पोलिसांची भीती घालू लागले. झाकणाभोवती बायका ठाण मांडून बसल्या होत्या. त्यांच्यातून वाट कोण काढणार?

कंपनी कोर्टात गेली. लोक हटले नाहीत. दोन वर्षांनी करार रद्द झाला आणि पाणी पुन्हा शहराचं झालं.

आता काका थकलेत; मला एक ताई वाहते. महापालिकेला मी काचेच्या कपाटात हवी होते. ताई म्हणाली, "शोभेला दुसरं काहीतरी बघा. हिला कामावर जायचंय." मलाही तेच म्हणायचं होतं. मला हार नको, तोंडाला थोडं ग्रीस द्या.

पण मित्रांनो, एक सांगते आणि रागानं सांगते. पाण्याचे निर्णय घेणाऱ्या पाणीसमितीची सभा आता दर महिन्याला भरते, सगळ्यांना खुली. गेल्या सभेला मोजून सात माणसं होती. नळाला पाणी येतंय म्हणून बाकीचे घरी बसले. मागच्या रांगेत मात्र दुसऱ्या एका कंपनीचे दोन पाहुणे नवाकोरा करार घेऊन आले होते, आणि ते शेवटपर्यंत बसले.

मी झिजले तर लोहार मला नवं तोंड जोडेल. तुमच्या वतीनं तिथे तोंड उघडायला तुम्हालाच यावं लागेल.