कापसाच्या दाढीतला सांता

माझ्या नवऱ्याच्या मते त्याच्या आयुष्यात दोनच मोठ्या गोष्टी घडल्या. एक, त्याला ऑस्ट्रेलियात कायम राहायचा पीआर मिळाला. दुसरी, आठ वर्षांचा असताना तो टीव्हीवर सांताक्लॉज झाला. या यादीत आमचं लग्न नाही आणि मीही कधी आग्रह धरलेला नाही.

दुसरी गोष्ट गुंगालिन या आमच्या इथल्या उपनगरातल्या प्रत्येक मराठी माणसाला पाठ आहे. चौऱ्याऐंशी सालचा नाताळ, टीव्हीवर एकच वाहिनी, आणि संध्याकाळी मुलांचा खास कार्यक्रम. नाच, गाणी, एक जादूगार, आणि शेवटी तोंडाला पुठ्ठ्याचा मुखवटा, कापसाची दाढी लावून गोळ्या उधळणारा छोटा सांता. चंद्रहास हे सांगायला लागला की नवे लोक ऐकतात आणि जुने लोक वाढून घ्यायला उठतात.

अडचण एवढीच की तो सांता मी होते.

दादरच्या आमच्या गाण्याच्या क्लासची मुलं त्या कार्यक्रमात होती. मुलांची बॅच शनिवारी आणि मुलींची रविवारी, त्यामुळे सांता होणाऱ्या मुलाला मी पाहिलंही नव्हतं. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याला गालगुंड झालं. बाईंनी रांगेकडे पाहिलं, पोशाखात मावेल असं एक पोर निवडलं आणि माझ्या दोन वेण्या टोपीत कोंबल्या. शेवटी मुखवटा काढून 'नाताळच्या शुभेच्छा' म्हणायचं होतं. माझे बाबा ते बघायला शेजाऱ्यांकडे सर्वांत पुढे स्टुलावर बसले होते. पण बातम्यांची वेळ झाली आणि प्रक्षेपणात मुखवटा निघायच्या आधीच कार्यक्रम संपला. बाबा म्हणाले, पुढच्या वेळी दिसशील. पुढची वेळ आलीच नाही.

मोठेपणी चंद्रहासचं स्थळ क्लासच्या बाईंनीच आणलं; तो त्यांच्या शनिवारच्या बॅचमधला. कांदेपोहे खाता खाता चंद्रहास मला म्हणाला, "तुम्ही लहानपणी तो नाताळचा कार्यक्रम पाहिला असेल ना? त्यातला सांता मीच." मी पोहे गिळले. लग्न होऊ दे, मग बघते, असं ठरवलं.

लग्नानंतर आठवड्याभरात सासूबाईंना गाठलं. त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "सबंध मजल्यावर पेढे वाटून झाले होते गं. चंदू टीव्हीवर दिसणार म्हणून. मग काय घरोघरी जाऊन परत मागू? मुखवटाच तर होता, म्हटलं हाच तो." मग थोडं थांबून म्हणाल्या, "राहू दे ते त्याच्याकडे. त्याच्याकडे सांगण्यासारखं तेवढंच आहे."

मी राहू दिलं. बावीस वर्षं. एव्हाना ते त्याला खरंच आठवायला लागलं होतं. स्टुडिओतला एसी किती गार होता, हे तो शहारून सांगायचा. स्टुडिओत एसी बंद होता आणि कापूस घामाने माझ्या मानेला चिकटला होता, पण आयत्या बिळावरच्या नागोबाला बिळातल्या उकाड्याची काय कल्पना!

यंदा सारंगच्या डोक्यात 'रेट्रो ख्रिसमस' शिरला. सारंग आमच्यातला उत्साही माणूस, आयटीत कॉन्ट्रॅक्टर, दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधे समाजसेवा. कल्पना अशी की कम्युनिटी हॉलमध्ये लहानपणीचा टीव्ही पुन्हा उभा करायचा. प्रतीक्षा केसात गुलाब खोचून निवेदिका होणार. मधेच 'व्यत्ययाबद्दल दिलगीर आहोत' अशी पाटी धरून कुणीतरी उभं राहणार. ही पाटी दिसली की आम्ही तेव्हा शिव्या घालायचो. आता नुसती कल्पना ऐकून पन्नाशीला आलेल्या बाप्यांचे डोळे पाणावले. कापसाचा बर्फही ठरला. इथे खरी थंडी पडते जूनमध्ये, तेव्हा सांताची कुणाला आठवण येत नाही. डिसेंबरात पस्तीस डिग्री असली की आम्हाला बर्फ हवा असतो. मुंबईतही तसंच होतं, म्हणून सगळ्यांना अगदी घरच्यासारखं वाटतं.

कार्यक्रमाच्या आठवड्यात सारंगचा मला फोन आला. "वहिनी, जॅकपॉट! चंदूचा तो प्रोग्रॅम सापडला. कुणीतरी रिटायर्ड टेक्निशियनने जुन्या टेप अपलोड केल्यात, फुल अनकट. सरप्राइज ठेवू या हां. लॅपटॉप तुम्ही बघा, लिंक पाठवतो. मी अजून पूर्ण नाही पाहिलं, पण सांता आहे, नो वरीज!"

मी ती ओट्यापाशी उभी राहून पाहिली. नाच, गाणी, जादूगार, सांता. गोळ्या उधळून झाल्या. मग सांताने मुखवटा वर केला आणि खालून मी निघाले. दोन वेण्या, पुढचा एक दात पडलेला, मानेवर कापूस. कॅमेऱ्याकडे बघून अशी हसले होते की जणू सगळं जग समोर स्टुलावर बसलंय. मी रडले. आणि मग मला राग आला, सासूबाईंचा, पेढ्यांचा, बातम्यांचा आणि सगळ्यात जास्त बावीस वर्षं मूग गिळून बसलेल्या माझा. ठरवलं, टेप पूर्ण चालवायची. चाळीस कुटुंबांसमोर. काय व्हायचं ते होऊ दे.

रविवारी आर्वोला, म्हणजे इथल्या बोलीत दुपारी, हॉल भरला. चंद्रहासला सारंगने लाल सूट घालून स्टेजवर बसवलं होतं. त्या लाल सुटात तो उकाड्याने आणखी लाल झाला होता. प्रतीक्षाने गुलाब सावरत माझ्याकडे हात केला आणि मी टेप लावली. लोक खिदळले, सुस्कारले, "अरे, हा कोट माझ्याकडे होता!" म्हणाले. पडद्यावर सांता आला तशा शिट्ट्या पडल्या. माझी मुलगी मिताली, वय वर्षं सोळा, जी एरवी बापापासून चार हात लांब चालते, ती पुढे जाऊन फोनवर त्याचा व्हिडिओ घेत होती. "दॅट्स माय डॅड," असं ती शेजारच्या मुलीला म्हणाली. मी ऐकलं.

सांताचा हात मुखवट्याकडे गेला. आणि मी पॉज दाबला.

"लॅपटॉप हँग झाला," मी म्हणाले. झाकली मूठ सव्वा लाखाची. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. चंद्रहास उभा राहिला, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं आणि लोकांना नमस्कार केला.

जेवणं आटोपून आम्ही गाडीत येऊन बसलो तरी बाहेर लख्ख उजेड होता. मिताली मागच्या सीटवर बसली. चंद्रहासने दाढी काढून मांडीवर ठेवली.

"का थांबवलीस गं?" तो म्हणाला.

"काय थांबवली?"

"टेप. मी पाहिलीय. सारंगच्या पोटात काही राहतं का? मंगळवारी ट्राममध्ये पाहिली. तुझा तो दात, ते हसणं. माझा स्टॉप गेला." त्याने कोटातून घडी घातलेला कागद काढला. "तुझा चेहरा आला की उठून सांगणार होतो. हे बघ, लिहूनच आणलं होतं. मी नव्हतो, ही होती, असं."

"मग सांगितलं का नाहीस? पॉजनंतरही सांगता आलं असतं."

"आलं असतं," तो म्हणाला. "पण टाळ्या वाजल्या ना."

बावीस वर्षांत इतकं खरं वाक्य तो माझ्याशी बोलला नव्हता. त्यामुळे मला जास्तच संताप आला. "वाचवायला गेले मी तुला," मी म्हणाले. "माझा चेहरा झाकला. दुसऱ्यांदा झाकला गेला, आणि या वेळी मीच झाकला."

तो दार उघडून तरातरा हॉलकडे गेला. आत लोक खुर्च्या रचत होते. काचेतून मला तो टेबलाशी उभा राहून कागद वाचताना दिसला. खुर्च्यांचा आवाज थांबला. मग टाळ्या सुरू झाल्या, आधीच्यापेक्षा मोठ्या.

परत आला तेव्हा त्याचे डोळे ओले होते. "सांगितलं," तो म्हणाला. "सगळं. पेढ्यांसकट. सगळे उभे राहिले गं माझ्यासाठी! सारंग म्हणाला, यार, एवढं मान्य करायला गट्स लागतात."

"आणि माझ्याबद्दल कोण काय म्हणालं?"

त्याने खरंच आठवायचा प्रयत्न केला. "तुझ्याबद्दल... टाळ्यांमध्ये विचारायचं राहूनच गेलं सगळ्यांचं."

मी हसले की रडले, ते मला सांगता येणार नाही. मागून कार्यक्रमाचं ते जुनं संगीत ऐकू आलं. मितालीने लिंक शोधून काढली होती. टेप शेवटपर्यंत चालू दिली, मग मागे घेऊन पुन्हा लावली.

"मम, इज दॅट यू?"

"हो."

"यू लुक सो हॅपी. का?"

"मला वाटलं होतं, आता सगळे मला बघणार," मी म्हणाले.

तिने फोन डोळ्यांजवळ धरला आणि टेप तिसऱ्यांदा लावली.