शंखातलं बाळ

चौलच्या मांडवात दोनशे बायका बसल्या होत्या. शंखबाबा एकेकीच्या कानाला शंख लावायचे नि डोळे मिटून म्हणायचे, "ऐक माते, तुझ्या बाळाचा श्वास! नाद आला, आता गर्भ येणार. सुयांना बाळ घाबरतं. सुया बंद!" बाया रडत होत्या, पाया पडत होत्या.

मी अलिबागच्या एका वंध्यत्व उपचार केंद्रात परिचारिका आहे. आमच्याकडे उपचार घेणाऱ्या किशोरीला शोधत आले होते. तिच्या लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाळणा हलला नव्हता. परवा तिची स्त्रीबीजं काढायची होती. आज रात्रीचं इंजेक्शन चुकलं तर आधीच्या सगळ्या सुया फुकट. आणि तिनं फोनवर सांगितलं होतं, "मी येत नाय."

घोळ आमच्याच गाण्यानं घातला होता. तपासताना भीती कमी व्हावी म्हणून आम्ही बाईच्या आवडीचं गाणं लावतो. किशोरीनं ते घरी सांगितलं. तिच्या सासूनं, तुळशीबाईंनी, अक्कल चालवली: गाण्यानंच गुण येतो, तर सुया कशाला? नि सुनेला शंखाचा नाद ऐकवायला इथं आणलं.

मी शंख मागितला. बाबांनी दिला नाही; नास्तिकाच्या हातात नाद मरतो म्हणे! मग चहावाल्याकडून रिकामा पेला आणला नि किशोरीशेजारी बसलेल्या तुळशीबाईंच्या कानाला लावला.

"काय ऐकू येतं?"

त्या दचकल्या. "अगो बाय! बालाचा श्वास!"

"मग पेल्याला दिवस गेलेत का?"

मांडवात हशा पिकला. भोवतालचाच आवाज पोकळीत घुमतो, मग तो शंख असो की पेला. बायांनी भराभर पेले मागवले. बाबांना एकाएकी समाधी लागली.

किशोरी हसली नाही. "कोल्याची पोर हाय मी. शंखात काय वाजतं ते मना म्हायती हाय."

"मग आलीस कशाला?"

"माजा घरवाला कमलेश पंधरा-पंधरा दिस बोटीवर. घरात कोनी माज्याशी बोलत नाय. हितं कोनतरी कानाशी बोललं."

मला माझीच लाज वाटली. महिनाभर मी तिला सुया टोचल्या, पण कशी आहेस म्हणून कधी विचारलं नव्हतं.

त्या रात्री तिनं इंजेक्शन घेतलं. तिसऱ्या दिवशी स्त्रीबीजं काढताना, भूल चढेपर्यंत तिच्या आवडीचं गाणं लावलं. तिचा हात मी धरला होता.

"या गान्यानं पोर व्हईल?"

"नाही. भीती कमी होईल. बाकीचं औषधाकडे, आणि तेही जमलं तर."

जमलं नाही. ते सांगायला मी तिच्या घरी गेले नि संध्याकाळपर्यंत तिच्यापाशी बसले.

बायांनो, बाप्यांनो, चमत्कार दिसला की आधी तपासून पाहा. आणि मूल नसलेल्या सुनेशी घरात बोलत जा. तुम्ही गप्प बसलात की बाबा बोलायला लागतो.